सहावा कोण?

येरमाळा, १५ फेब्रुवारी १९६१

दादा,

मायना मुद्दाम लिहिलेला नाही. तीन वर्षांनी तुमचं पहिलं कार्ड आलं, त्यात तुम्ही तरी कुठं लिहिलाय? "शिरगणतीचं काम माझ्याकडे आहे. आपलं घर झालं. सहा जण. सर्व क्षेम. बलभीम." बस्स. प्रगतिपुस्तकावर शेरा मारावा तसं. कार्डाची उरलेली जागा काय सरकारला परत करायची होती?

पत्ता कल्याणप्पा दुकानदारानं दिला असणार. त्याची लेक इथं येरमाळ्यात दिलीय, तिच्या दारावरून मी रोज जातो आणि ती रोज मला बघून पदर सावरते, म्हणजे बेंबळीला बातमी पोचते. पोचू द्या. मी काय चोरी करून राहिलेलो नाही.

कार्ड मात्र खिशात ठेवलंय. राग येऊ नये म्हणून दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा आला. मग सहा कोण कोण ते बोटांवर धरलं. आई, आबा, तुम्ही, वहिनी, तुमची लेक लीला. एका हाताची बोटं संपली. दुसऱ्या हाताचा अंगठा उरला, तो मी. म्हणजे धरलंत मला! तीन वर्षांपूर्वी ओसरीवर थोबाडीत मारून काय म्हणाला होतात, आठवतं का? "तू या घरात धरला काय आन् न धरला काय, सारखंच." गल्लीतले चार जण ऐकत होते. आता सरकारनं फुकटचा कागद दिला तेव्हा धरावं लागलं ना? आणि मारलं कशावरून, तर एका प्रश्नावरून. प्रश्न विचारला म्हणून मार खाल्लेला माणूस मी एकटाच असेन या जिल्ह्यात.

तुमच्या वर्गातही तेच. आधी आम्हाला उर्दूत एक-दो-तीन शिकवलं, मग निजाम गेला आणि तुम्ही आलात पावकी-निमकी घेऊन. पुस्तकात दोन आंबे काढलेले होते. मी म्हणालो, गुरुजी (वर्गात दादा म्हणायची बंदी होती), हा आंबा दिसतो, तो आंबा दिसतो, ह्यातला 'दोन' कुठंय? पोरं हसली. तुम्ही छडी घेतलीत. हातावर दोन वळ उठले आणि तुम्ही म्हणालात, "हे दोन." तेव्हा जागेवर जाऊन बसलो, पण दादा, उत्तर चुकीचंच होतं. ते वळ होते. दोन त्यातही दिसत नव्हता.

ते राहू द्या. मी सध्या सडकेवर मैलाचे दगड रंगवतो. आधी चुना, वाळला की काळ्या रंगानं आकडा. मुकादम बंडप्पा उमरग्याकडचा, रागावला की कानडीत शिव्या देतो, त्यामुळं लागत नाहीत. परवा त्याला विचारलं,

"मुकादम, ह्या दगडावर एकतीस काढायचं ना?"

"व्हय."

"पण दगड तर एकच हाय."

"मैल एकतीस हायती, मुडद्या."

"मैल कुठंयत इथं? हा एक मैलसुद्धा न्हाय. हा नुसता हितं उभा हाय."

बंडप्पानं काळ्या रंगाचा डबा माझ्यापुढं सरकवला. मग म्हणाला, "तुला उद्या कामावर यायचंय का न्हाय, तेवढं सांग." मी एकतीस काढलं. पण काढताना कळलं की हा आकडा किती ते सांगत नाही, कुठं ते सांगतो. तीसच्या पुढं, बत्तीसच्या अलीकडं. उचलून दुसरीकडं नेऊन ठेवला तर तोच आकडा खोटं बोलायला लागेल. आकड्याचं एवढं सोपं आहे, माणसाचंही बहुतेक असंच असणार, पण हे मला कुणी शिकवलं नाही. आणि आई, जिनं शाळेचं तोंड बघितलं नाही, ती टोपल्यातल्या भाकरी कधी मोजू देत नाही. मोजल्या की बरकत जाते म्हणते. तिला तुम्ही कधी छडी दाखवली नाहीत!

मूळ सांगायचं ते राहिलंच. तुमचं कार्ड ज्या दिवशी आलं, त्याच दिवशी इथले शिरगणतीचे गुरुजी आमच्या झोपड्यांकडं आले. चष्मेवाले, चांगला माणूस. नाव काय, वय काय. मी म्हणालो, "मला लिहू नका. मी घरी मोजलेलो आहे. माझा भाऊच बेंबळीत मोजणारा आहे." ताठ मानेनं म्हणालो. गुरुजी म्हणाले, "मास्तर आहेत का? मग प्रश्नच नाही," आणि पुढं गेले.

एवढं सांगायला पत्र. राग गेलेला नाही.

गोरोबा


येरमाळा, २० फेब्रुवारी १९६१

बलभीम मास्तर,

दादा लिहायला हात होत नाही.

काल कल्याणप्पा लेकीकडं आला. एवढी दुष्मनी नको म्हणून मीच जाऊन बसलो. लेकीनं चहा टाकला. हे बरं का, ते बरं का, आबांचा गुडघा कसाय, असं चाललेलं. तेवढ्यात तो म्हणाला,

"दगडू आता बसाय लागलाय की रं. तक्क्याबिगर."

"कोण दगडू?"

कल्याणप्पानं बशी खाली ठेवली. लेकीकडं बघितलं. "तुला कळवलं न्हाय व्हय? बलभीमाला पोरगा झाला न्हवं, भादव्यात."

"भादव्यात? म्हंजी पाच-सहा महिने झाले."

"म्या बोललो न्हाय असं समज बाबा. तुझी माय कुणाला सांगू देत न्हाय. दृष्टीचं भ्याव."

चहा तसाच सोडून उठलो. सडकेवर येऊन पुन्हा बोटं धरली. आई, आबा, तुम्ही, वहिनी, लीला. आणि अंगठा? अंगठा दगडू! मी नव्हेच. मी घरातून निघालो तेव्हा घरात सहा होते. आता तीन वर्षांनी सहाच आहेत. मला वजा केलं, त्याला मिळवलं, बेरीज जिथल्या तिथं. वर "सर्व क्षेम"! क्षेम कसं नसणार? आकडा हललेलाच नाही!

पोरावर माझा राग नाही, हे आधी लिहून ठेवतो. पोरानं काय केलंय. दोन लेकरं गेल्यावर झालेला मुलगा, मला आनंद होणार नाही का? पण मला कळवावं असं तुम्हा कुणाला वाटलं नाही. जन्मला ते कळवलं नाही, आणि मला काढून टाकलं तेही सरळ कळवलं नाही. नुसता "सहा" पाठवला. आणि मी मूर्ख, त्या आकड्यात स्वतःला बघत बसलो. चार दिवस खुशीत दगड रंगवले. बंडप्पा म्हणाला, "आज गानी कशी काय?"

तिथनं तडक चष्मेवाल्या गुरुजींकडं गेलो. म्हणालो, मला मोजा, घरी मोजलेलं नाही. ते म्हणाले, "अरे, तूच म्हणालास भाऊ मोजणारा आहे. मास्तर माणूस सख्ख्या भावाला कसा विसरेल? उगाच दोनदा लिहिलं तर दोष माझ्यावर." मी कितीतरी सांगितलं. ते चष्मा पुसत राहिले. म्हणजे बेंबळीत मी नाही आणि येरमाळ्यातही मी नाही. या देशात कोट्यवधी माणसं मोजली जातायत, आंधळी, पांगळी, भिकारी, आज जन्मलेली, आणि हे सडकेवर उभं राहून बोंबलणारं धडधाकट माणूस कुठल्याच कागदात नाही. धरला काय आन् न धरला काय! शब्द खरा करून दाखवलात मास्तर.

राग घालवायला बिराप्पाकडं जाऊन बसलो. धनगर आहे, ज्वारी निघालेल्या रानात त्याची मेंढरं बसवलीयत. मी विचारलं, किती मेंढरं? तो हसायलाच लागला.

"किती ते तुमच्या तलाठ्याला इचार. म्या मोजत न्हाय."

"मग एखादं हरवलं तर कळतं कसं?"

"कोण न्हाय ते दिसतंय की. कानतुटी न्हाय, मोरी न्हाय. मोजनाराचं काय व्हतंय, एक मेलं आन् एक जलमलं तर त्येचा आकडा बराबर. माझा न्हाय बराबर."

शाळेत न गेलेला माणूस! तुमच्या सगळ्या पाढ्यांत हे एक वाक्य नव्हतं. 'किती' विचारणारा माणूस 'कोण' विसरतो. तुम्ही विसरलात.

आता नीट वाचा. तहसीलदारसाहेबांना अर्ज लिहून ठेवला आहे, की बेंबळीच्या मोजणाऱ्यानं आपल्या सख्ख्या भावाला जाणूनबुजून वगळलं, तरी त्या घरचे कागद तपासावेत. सुवाच्य लिहिलाय, तुम्ही शिकवल्याप्रमाणं समास सोडून. अठ्ठावीस तारखेपर्यंत मला लिहून कळवा की सहावा कोण. नाव लिहा, आकडा नको. नाही आलं तर अर्ज पेटीत.

गोरोबा (ज्याची गणती नाही तो)


बेंबळी, २३ फेब्रुवारी १९६१

गोरोबा भाऊजींस विमलचा नमस्कार.

तुमचं पत्र आलं. ह्यांनी वाचलं आणि माझ्या हातात दिलं. स्वतः ओसरीवर जाऊन बसलेत. "तू लिही, माझ्यानं होत नाही," म्हणाले. चौथीनंतर मी हातात टाक धरला नाही, अक्षराला हसू नका.

भाऊजी, तो अर्ज टाकू नका. अगोदर ऐका.

गणती आमच्या दारावर आली त्या दिवशी हे आपल्याच घरी पाहुण्यासारखे बसले. पाट टाकला, कागद पसरला. मामांजी, आत्याबाई, हे, मी, लीला अशी पाच नावं झाली. सहावं लिहायला टाक बुडवला तशा आत्याबाई आतून आल्या, दगडू पदराखाली. यांचा हात धरला. म्हणाल्या, "त्येचं नाव कागदावर घालू नगंस." हे म्हणाले, "आई, कायदा आहे. आजचं जन्मलेलं पोरसुद्धा लिहायचंय." त्या म्हणाल्या, "पयल्याचं नाव चावडीत घातलंस, आठव्या म्हैन्यात गेला. दुसऱ्याचं घातलंस, त्यो तर चवथ्याच. ह्यो माझा दगूड हाय. दगडाला कुनी मोजतं व्हय?"

चावडीतही त्याचं नाव नाही अजून. बारसं दार लावून केलं.

यांनी टाक खाली ठेवला. म्हणाले, बरं, मग पाच. तर आत्याबाईंनी कपाळ बडवून घेतलं. "पाच म्हनून घर मिटवू नगंस रं. पाच म्हंजी माझा गोरबा मेला. त्येला लिही."

भाऊजी, हे तासभर तसेच बसले होते. पुढच्या घरची माणसं येऊन बघून गेली. शेवटी त्यांनी सहावं नाव लिहिलं. गोरोबा, वय तेवीस. तुम्ही घरात नसताना तुम्ही घरात आहात असं लिहिलं. ज्यांनी आयुष्यात एक हजेरी खोटी मांडली नाही त्यांनी. तेव्हापासून जेवणावर लक्ष नाही. साहेब कधीही कागद बघायला येतील, तुमचा अर्ज गेला तर उद्याच येतील. नोकरी तर जाईलच, वर आणखी काय होईल मला कळत नाही.

ते म्हणतात, या दिवसांत माणूस एकदा जरी घरी येऊन राहिला तरी त्याला घरचा म्हणून लिहिता येतं. अठ्ठावीसपर्यंत. म्हणून ते कार्ड टाकलं होतं. 'ये' असं लिहायला त्यांचा हात वळेना, म्हणून 'सहा' लिहिलं. त्यांना वाटलं तुम्हाला कळेल.

सहावे तुम्हीच आहात, भाऊजी. नसलेला आहे तो माझा दगडू.

आणखी एक. तुम्ही लिहिलंत, एका प्रश्नावरून मारलं. तो प्रश्न कुणाला विचारला होता ते लिहिलं नाहीत. मला आठवतो. तेव्हा मी उत्तर दिलं नव्हतं, आता देते. मला विचाराल तर चार. यांच्या कागदाला विचाराल तर एक.

या.

विमल


येरमाळा, २७ फेब्रुवारी १९६१

दादा,

कागद उलटा करून बघितलात तर मागं तहसीलदारसाहेबांचा मायना दिसेल. तोच अर्ज आहे. त्याच्या पाठीवर लिहितोय म्हणजे तो आता पाठवता येणार नाही, आणि कोरा कागद दुसरा नव्हताही. कल्याणप्पा उद्या सकाळच्या गाडीनं बेंबळीला परत निघालाय, त्याच्या हाती देतो. मी दुपारच्या गाडीनं निघतो. मधल्या तीन-चार तासांत हे वाचून घ्या. तोंडानं बोलायला गेलो तर आपलं भांडण होईल आणि मुद्दा राहून जाईल, नेहमीसारखा.

आधी माझं. वहिनींनी लिहिलंय ते खरं. दुसरं लेकरू गेल्याच्या तिसऱ्या दिवशी त्या चुलीपुढं बसल्या होत्या आणि मी विचारलं होतं, "वहिनी, आता तुम्हाला मुलं किती म्हणायची? एक का तीन?" तुम्हाला वाटलं मी खोडी काढली. खोडी नव्हती. माझ्या डोक्यात खरंच तो किडा वळवळत होता, की गेलेलं माणूस आकड्यातून कोणत्या दिवशी जातं. पण तो प्रश्न चुलीपुढच्या बाईला विचारायचा नव्हता. तीन वर्षं मी सगळ्यांना सांगत फिरलो की प्रश्नावरून मार खाल्ला, आणि प्रश्न काय तो कुणाला सांगितला नाही. बिराप्पालासुद्धा नाही. थोबाडीत बरोबर होती. ती माझ्याकडं जमा.

पण "धरला काय न धरला काय" हे बरोबर नव्हतं. ते मी सोडणार नाही.

आता तुमचं. राग गेला असं समजू नका, त्यानं फक्त कूस बदललीय. आई अडाणी आहे, तिनं दोन नातू पुरलेत, ती काहीही म्हणेल. तुम्ही मास्तर! मला दोन आंब्यांवरून छडी मारणारे! पोटचं पोर मांडीएवढ्या अंतरावर रडत असताना तुम्ही त्याला नाही म्हणून लिहिलंत? आणि त्याची जागा मोकळी दिसू नये म्हणून मला आणून बसवलंत? बिराप्पाला हे सांगितलं तर तो मेंढरं सोडून पळेल. वरून कुणी बघितलं तर सहाच्या जागी सहा. कुणाला शंका येणार नाही. एक नसलेला आत आणि एक असलेला बाहेर. मला येरमाळ्यात नाहीसं वाटलं तर मी बोंबलू तरी शकलो, गुरुजींच्या दारात जाऊन भांडू शकलो. त्या दगडूनं कुणाकडं अर्ज करायचा? त्याला तर अजून बसायलाच येतंय.

मला पाच दिवस तसं राहून कळलं दादा, कुठंच न मोजलेलं असणं कसं असतं. काही दुखत नाही. भूक लागते, काम होतं, बंडप्पा शिव्या देतो. फक्त असं वाटत राहतं की आपण इथं उभे आहोत ही आपलीच समजूत आहे. ते तेवीस वर्षांच्या माणसाला झेपलं नाही. पाच महिन्यांच्या पोराच्या अंगावर घालू नका.

आईला समजावायचं काम माझं. तिला मी विचारणार आहे, लीलाचं नाव चावडीत घातलं होतं का नाही? घातलं होतं. लीला जिवंत आहे का नाही? आहे. मग नावानं कसं मेलं कुणी? एक तापानं गेला, एक हगवणीनं, आणि दवाखाना लांब होता. शाईनं कुणाला मारलेलं नाही. ती ऐकणार नाही. माझ्यावर पळी उगारेल. मी पुन्हा सांगेन. तुमच्यापेक्षा माझी पाठ तिच्या हाताला जास्त सरावलेली आहे.

मागं एक दगड मी चुकीच्या आकड्यानं रंगवला होता, सदतीसच्या जागी अडतीस. बंडप्पानं बघितलं. मला वाटलं, चुना फासून झाकायला सांगेल. तो म्हणाला, "खरवड. वरनं फासलं तर पावसात खालचा बाहेर येतोय." अर्धा दिवस खरवडत बसलो. तुम्हीही तसंच करा. तुमच्या कागदात कुठं काय दुरुस्त करायचं ते तुम्हाला माहीत. मार्च लागला की घरोघर पुन्हा फेरी आहे म्हणतात, तोवर थांबू नका. उद्याच करा. दगडूचं नाव लिहा, वय लिहा, उघड्या दारात बसून लिहा.

आणि माझ्या नावाची ओळ अजून खोटी आहे. ती खरी करायला मी येतोय, तुमची नोकरी वाचवायला नव्हे, गैरसमज नको. मी उंबऱ्याच्या आत पाय ठेवल्यावर ती कायम करा. त्याआधी नाही. गाडी वाटेत बंद पडली आणि मी एकोणतिसाव्या मैलावर अडकलो, तर खोडून टाका मला, खुशाल. दगडूला खोडू नका.

मी पोचलो तर सात. आई, आबा, तुम्ही, वहिनी, लीला, हा एक हात झाला. दुसऱ्या हाताचा अंगठा दगडूला द्या, मला त्याच्या शेजारचं बोट चालेल.

वहिनींना सांगा, त्यांचं उत्तर बरोबर आहे. चार. तपासणारा मी कोण, पण बरोबर आहे.

आणि आईला सांगा, भाकरी रोजच्यासारख्याच टाक. मोजू नको.

तुमचा,
गोरोबा